काडेपेटीला बंदी, तोफगोळ्याला मुभा

जर्मनीच्या ईशान्य टोकाला, बाल्टिक समुद्रात उझेडोम नावाचं बेट आहे. तिथल्या वाळूत तृणमणी सापडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडांतून पाझरलेला चीक गोठून झालेले हे पिवळसर तपकिरी खडे वेचायला हौशी लोक लांबून येतात. त्यांना एक गोष्ट मात्र बजावून सांगितली जाते: सापडलेला खडा खिशात टाकू नका, पत्र्याच्या डबीत ठेवा.

खिशात टाकला तर काय होईल? बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण एखादा खडा तृणमणी नसतो. रंग तसाच, आकारही तसाच. ओला असेपर्यंत तो अगदी गरीब. खिशात तो सुकतो, अंगाची ऊब त्याला लागते आणि मांडीपाशी तो भडकतो. ना काडी, ना ठिणगी. माणसाच्या अंगाची ऊब त्याला पुरते!

हा खडा म्हणजे पांढरा फॉस्फरस. दुसऱ्या महायुद्धात या भागावर पडलेल्या आगलाव्या बॉम्बांतून तो समुद्रात सांडला. ऐंशी वर्षं पाण्याखाली राहूनही तो विरघळला नाही की निवला नाही. हवा लागली की पेटायला तो आजही तयार आहे.

सोडियम रॉकेलमध्ये ठेवायचा आणि फॉस्फरस पाण्यात, हे शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय. पण का, हे विचारायचं राहून गेलं. तर पाहा. पांढऱ्या फॉस्फरसचा एकेक रेणू चार अणूंचा असतो. चारही अणू एकमेकांना धरून एक चिमुकला पिरॅमिड करतात. त्या पिरॅमिडमध्ये प्रत्येक बंध ६० अंशांच्या कोनात वाकवलेला असतो आणि फॉस्फरसच्या अणूला इतका अरुंद कोन मुळीच सोसत नाही. उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग ताणून अडकवून ठेवावी, तसा हा रेणू कायम ताणलेला. ऑक्सिजनचा धक्का लागायचा अवकाश, की खटका सुटतो. साधारण ३० अंश सेल्सिअसला तो आपोआप पेट घेतो. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो उघड्यावर ठेवायची सोयच नाही.

आता दुसरं नवल. जळल्यावर बहुतेक वस्तूंची राख होते, वजन घटतं. इथे उलटंच. एक किलो फॉस्फरस जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि त्याची सव्वादोन किलोंहून जास्त पांढरी भुकटी होते. ही भुकटी भयंकर तहानलेली. हवेतली वाफ शोषून तिचं तीन किलोंहून जास्त आम्ल होतं आणि त्या आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब दाट पांढरा धूर बनून तरंगत राहतात. नेलं एक किलो, मिळाला तिप्पट धूर. उरलेला माल हवेनंच फुकट पुरवला. सेनापतींना हा पदार्थ का आवडतो, हे कळायला एवढं गणित पुरेसं आहे.

हा पदार्थ माणसाला सापडला त्याची कथा तर आणखीच अजब आहे. १६६९ साल, गाव हॅम्बुर्ग. हेनिंग ब्रँड नावाच्या किमयागाराला सोनं करायचं होतं. सोनं पिवळं, मूत्रही पिवळं. त्या काळच्या किमयागाराला एवढं नातं पुष्कळ झालं. त्यानं पिंपच्या पिंप मूत्र जमवलं, कुजवलं, आटवलं आणि तळाशी राहिलेला गाळ भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवला. शेजाऱ्यांनी ते कसं सहन केलं असेल, कोण जाणे. सोनं मिळालं नाही. मिळाला मेणासारखा मऊ पदार्थ, जो अंधारात स्वतःच्या उजेडानं फिकट हिरवा चमकत होता. ज्याच्या शोधकाचं नाव आपल्याला ठाऊक आहे, असं इतिहासातलं पहिलं मूलद्रव्य ते हेच. तो हिरवा उजेड नेमका येतो कुठून, हे रसायनशास्त्रज्ञांना नीट समजायला थेट १९७४ साल उजाडावं लागलं!

पण ते मूत्रात आलं कुठून? आपल्या अंगातून. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला बहुतेक हाडांत आणि दातांत, कॅल्शियमशी आणि ऑक्सिजनशी संसार थाटून शांत बसलेला. डीएनएच्या दोन्ही कडा त्याच्यावर उभ्या आहेत. पेशींना शक्ती पुरवणारा एटीपी हा रेणू फॉस्फरसशिवाय होतच नाही, आणि आपलं शरीर तो दिवसभरात मोडतं, जोडतं, पुन्हा मोडतं, इतक्या वेळा की रोजचा हिशेब आपल्या वजनाच्या घरात जातो. हे वाक्य वाचताना तुमचा डोळा फिरला, तोही फॉस्फरसच्याच जोरावर. जगवणारा तोच आणि जाळणाराही तोच. फरक फक्त कुणाचा हात धरलाय एवढाच.

एकोणिसाव्या शतकात या पदार्थाला पोटापाण्याचा धंदा मिळाला. १८३० च्या सुमारास युरोपात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या निघाल्या. भिंतीवर, बुटावर, कुठेही घासा, पेटणारच. घरोघरी चूल पेटवणं चुटकीसरशीचं काम झालं. आणि थोड्याच वर्षांत व्हिएन्नातल्या डॉक्टरांकडे काड्यांच्या कारखान्यांतल्या कामगार बायका येऊ लागल्या. तक्रार साधी: दाढ दुखतेय.

दाढ काढली तरी दुखणं थांबायचं नाही. हिरडी सुजायची, पू व्हायचा, गालाला भोक पडायचं, आतलं जबड्याचं हाड मरून कुजायचं. वास असा की घरची माणसं शेजारी बसेनात. कारखान्यातली फॉस्फरसची वाफ रोज श्वासातून जाऊन जबड्यात मुरलेली असायची. जीव वाचवायचा तर एकच इलाज, अख्खा जबडा काढणं. काही रोग्यांचं मेलेलं हाड अंधारात चमकायचं, असं त्या काळच्या नोंदी सांगतात.

लंडनच्या बो भागातल्या ब्रायंट अँड मे या कारखान्यातल्या पोरींची हलाखी २३ जून १८८८ ला एका बाईनं छापून आणली. तुटपुंजी मजुरी, त्यातून दंड, चौदा-चौदा तासांचं काम आणि फॉस्फरसच्या त्याच खोलीत खायचा डबा. पुढच्या महिन्यात सुमारे १४०० मुली आणि बायका संपावर गेल्या आणि जिंकल्या. लेख लिहिणाऱ्या बाईंचं नाव ॲनी बेझंट. होय, त्याच. पुढे टिळकांच्या बरोबरीनं होमरूलची चळवळ चालवणाऱ्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या बेझंटबाई.

संपानं मजुरी सुधारली, पण फॉस्फरस काही लगेच हटला नाही. १८९८ मध्ये त्याच कारखान्यानं जबड्याच्या रोगाचे रुग्ण सरकारपासून दडवल्याचं उघड झालं आणि त्याला दंड झाला. वाईट वाटतं ते याचं की पर्याय कधीचा हाताशी होता. पांढरा फॉस्फरस हवेविना तापवला की त्याचे ताणलेले पिरॅमिड उघडतात, एकमेकांत गुंफतात आणि तयार होतो लाल फॉस्फरस. मूलद्रव्य तेच, पण हा आपोआप पेटत नाही आणि जबडाही कुजवत नाही. १८५० च्या दशकात स्वीडननं त्याच्या निर्धोक काड्या बाजारात आणल्या. तुमच्या काडेपेटीच्या कडेला जी तपकिरी पट्टी आहे, तिच्यात आजही तोच आहे. पण पांढरा स्वस्त पडायचा. मालकाच्या लेखी बाईचा जबडा त्याहून स्वस्त होता.

अखेर १९०६ साली बर्न शहरात अनेक देशांनी मिळून करार केला: पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बनवायच्या नाहीत, आणायच्या नाहीत, विकायच्या नाहीत. ब्रिटननं १९०८ मध्ये तसा कायदा केला. इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातही १९१३ साली अशा काड्यांवर बंदी घातली. हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. एखादा पदार्थ कामगाराच्या अंगावर काय परिणाम करतो एवढ्याच कारणासाठी देशोदेशींनी एकत्र बसून त्याला हद्दपार केलं, असं याआधी क्वचितच घडलं होतं. काडी कशासाठी बनवली, हे कुणी विचारलं नाही. ती चूल पेटवायलाच बनवली होती, यात वादच नव्हता. विचारलं ते इतकंच: हिच्यामुळे माणसाचं काय होतं?

आणि १९१६ साली, म्हणजे कायद्याची शाई वाळते न वाळते तोच, ब्रिटनच्याच कारखान्यांतून पांढऱ्या फॉस्फरसचे हातगोळे भरून खंदकांकडे रवाना होऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धात तो विमानातून पडला. जुलै १९४३ च्या अखेरीस ब्रिटिश विमानांनी हॅम्बुर्गवर रात्रीमागून रात्री आगलावे बॉम्ब टाकले. त्यांत मॅग्नेशियमच्या कांड्याच जास्त, पण फॉस्फरस भरलेले बॉम्बही होते. २७ जुलैच्या रात्री हजारो लहान आगी मिळून एकच आग झाली. अशी आग मग वाऱ्याची वाट पाहत नाही, स्वतःचा वारा स्वतः करते. तापलेली हवा इतक्या वेगानं वर उसळते की तिची जागा भरायला चहूकडून हवा वादळासारखी आत घुसते, आणि ते वादळ आगीलाच आणखी खाऊ घालतं. तळघरात लपलेले कित्येक लोक ज्वाळा अंगाला न लागताच कार्बन मोनॉक्साइडनं गुदमरून बसल्या जागी गेले. त्या मोहिमेत सुमारे ३७ हजार माणसं मेली. ब्रँडच्याच गावात, त्यानं शोध लावल्यानंतर २७४ वर्षांनी. कुणी कादंबरीत लिहिलं असतं, तर ओढूनताणून जुळवलंय म्हणालो असतो.

त्यानंतर शस्त्राचं रूप बदलत गेलं. अमेरिकी बनावटीचा एम-८२५-ए-१ हा १५५ मिलिमीटरचा तोफगोळा पाहा. त्याच्या पोटात पांढऱ्या फॉस्फरसमध्ये भिजवलेले नमद्याचे ११६ तुकडे असतात. गोळा हवेत फुटतो, तुकडे पेटत खाली येतात आणि आकाशात पांढऱ्या शेपट्यांची छत्री उघडते. लांबून दृश्य देखणं असतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. एका गोळ्याचे तुकडे शे-दोनशे मीटरच्या परिसरात विखुरतात. खाली मोकळं रान असेल तर धुराचा पडदा तयार होतो आणि त्याच्या आडून सैनिक निसटतात. खाली वस्ती असेल तर?

तर जळता तुकडा छपरावर पडतो, गादीवर पडतो, अंगावर पडतो. आठशे अंशांच्या घरात तापलेला हा पदार्थ त्वचेला चिकटतो आणि चरबीत विरघळत आत उतरत जातो, कधीकधी हाडापर्यंत. पाणी टाकलं की विझतो, पण संपत नाही. डॉक्टर जखम धुतात, पट्टी बांधतात. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली, उरलेल्या कणाला हवा लागली, की जखमेतून पुन्हा धूर. गाझातल्या डॉक्टरांनी २००९ साली हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा आपल्यासमोर काय आहे हेच त्यांना उमगेना. उपाय असा: जखम सतत ओली ठेवायची, एकेक कण चिमट्यानं टिपायचा आणि पाण्यात टाकायचा. कण दिसत नसतील तर शस्त्रक्रियेच्या खोलीतले दिवे मालवायचे. अंधारात ते चमकतात! ब्रँडला भुलवणारा हिरवा उजेड इथे सर्जनला वाट दाखवतो.

याहून चकवणारी गोष्ट रक्तात घडते. जखमेतून आत गेलेला फॉस्फरस यकृताला आणि मूत्रपिंडांना इजा करतो. रक्तातलं फॉस्फेट वाढतं, कॅल्शियम घसरतं, आणि कॅल्शियमच्या तालावर धडधडणारं हृदय चुकू लागतं, कधी थांबतं. म्हणून शरीराचा जेमतेम दहा टक्के भाग भाजलेली माणसंही यात दगावली आहेत. साध्या भाजण्यातून एवढ्या जखमांवर माणूस सहसा वाचतो. जे दोन पदार्थ हाडात गळ्यात गळे घालून नांदतात, तेच इथे जिवावर उठतात. आणि जो वाचतो त्याच्यापुढे आखडलेले सांधे, पुन्हा पुन्हा कलम लावायच्या शस्त्रक्रिया आणि आरशाची भीती, हे सगळं उभं असतं. जखमी मूल असेल तर वाढत्या हाडांबरोबर आखडलेली कातडी वाढत नाही, म्हणून त्याला दर काही वर्षांनी टेबलावर घ्यावं लागतं.

मग यावर बंदी नाही? आहे. निदान तसं वाटतं. व्हिएतनाममध्ये अमेरिकेनं नापाम ओतलं, म्हणजे घट्ट केलेलं, अंगाला चिकटणारं पेट्रोल. ८ जून १९७२ ला त्रांग बांग गावात दक्षिण व्हिएतनामच्या विमानानं टाकलेल्या नापामनं भाजलेली, रस्त्यावरून उघडी धावत येणारी नऊ वर्षांची किम फुक जगानं छायाचित्रात पाहिली आणि जगाची झोप उडाली. १० ऑक्टोबर १९८० रोजी जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांचा करार झाला. त्याचा तिसरा प्रोटोकॉल आगलाव्या शस्त्रांबद्दल आहे. शंभराहून अधिक देश त्याला बांधील आहेत, भारतही आहे.

आता कायद्याची करामत बघा, रसायनाइतकीच थक्क करणारी आहे. प्रोटोकॉलच्या व्याख्येनुसार आगलावं शस्त्र म्हणजे आग लावण्यासाठी किंवा माणसाला भाजण्यासाठी ‘मुख्यत्वे बनवलेलं’ शस्त्र. धूर, उजेड किंवा इशारा यांसाठी केलेला गोळा ओघात आग लावत असेल, तर तो त्यात धरलेला नाही. पांढऱ्या फॉस्फरसचा गोळा कारखान्याच्या कागदावर धुराचा गोळा असतो. झालं! तोच गोळा, तेच आठशे अंश, तीच जखम. पण कायद्याच्या नजरेला आग दिसतच नाही, दिसतो नुसता धूर.

दुसरी पळवाट आणखी सरळ आहे. वस्तीतल्या लष्करी लक्ष्यावर विमानातून आगलावं शस्त्र टाकायला पूर्ण मनाई आहे. जमिनीवरून तोफेनं मारायला मात्र अटींसह मुभा आहे. कारण उघड आहे, कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर व्हिएतनामवरची विमानं होती. तिसरी सुटका रासायनिक अस्त्रांच्या करारातून. तो करार विषारी परिणामासाठी वापरलेल्या पदार्थांना अडवतो. हा तर उष्णतेनं मारतो, म्हणून तिथूनही तो बाहेर.

कागदावरचा हेतू प्रत्यक्षात किती टिकतो? नोव्हेंबर २००४ मध्ये इराकच्या फलुजा शहरात अमेरिकी तोफांनी पांढरा फॉस्फरस मारला. उजेड पाडण्यापुरता वापरला, असं अमेरिका आधी म्हणाली. पण सैन्याच्याच तोफखान्याच्या नियतकालिकात २००५ साली खुलासेवार छापून आलं होतं: आडोशाला दडलेल्यांना फॉस्फरसनं बाहेर हाकलायचं आणि मग स्फोटक गोळ्यांनी टिपायचं. सैनिकांनी त्याला ‘शेक अँड बेक’ असं पाककृतीचं नावही दिलं होतं. शेवटी पेंटागॉनला कबुली द्यावी लागली. १५ जानेवारी २००९ ला गाझा शहरात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या आवारावर इस्रायलचे असेच गोळे पडले. आत शेकडो लोक आसऱ्याला होते. अन्नाचं आणि औषधांचं कोठार जळून गेलं. आधी इन्कार, मग ‘कायद्याला धरूनच वापरला’ असा खुलासा. इस्रायल तर तिसऱ्या प्रोटोकॉलमध्ये सामीलच नाही. हे गोळे आपण वापरातून काढू, असं त्याच्या सैन्यानं २०१३ साली सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझा आणि दक्षिण लेबनॉनवर पांढऱ्या शेपट्यांची तीच छत्री उघडल्याचं ह्यूमन राइट्स वॉचनं चित्रफिती तपासून दाखवून दिलं.

सैन्याची बाजू पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. धुराचा पडदा खरोखर जीव वाचवतो. उघड्या मैदानात अडकलेल्या शिपायाला त्याची किंमत विचारा. पण लाल फॉस्फरसचा धूर आहे, फॉस्फरसविना धूर करणारे गोळेही आहेत. काड्यांच्या कारखानदारांनीही कुरकुर केली होती: पर्याय महाग आहे, तितका चांगला नाही. तेव्हा त्यांचं ऐकलं गेलं नाही, आणि काड्या आजही पेटतात. खंदकातल्या शत्रूलाही असं जिवंत भाजावं का, हा प्रश्न उरतोच. त्याला मारण्याचा हक्क युद्ध देतं. मरेपर्यंत धुमसत ठेवण्याचा हक्क कुणी दिला?

दुरुस्ती अवघड आहे ती रसायनामुळे नाही. व्याख्येत ‘कशासाठी बनवलं’ याच्या जागी ‘काय परिणाम करतं’ एवढं आलं आणि विमान-तोफ हा भेद काढला, की तिन्ही पळवाटांतल्या दोन बंद होतात. अनेक देश, डॉक्टर आणि भाजून वाचलेली माणसं जिनिव्हाच्या बैठकांत हेच मागत आली आहेत. पण तिथे निर्णय सर्वसंमतीनं होतो. एखाद्यानं नकारार्थी मान हलवली की विषय पुढच्या वर्षावर. भारत त्या बैठकीत हक्कानं बसतो आणि ठामपणे बोलू शकतो. तसं त्यानं बोलावं, असं आपल्या खासदाराला एक पत्र लिहून सांगायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. १९८० सालच्या त्या व्याख्येतला एकही शब्द अजून बदललेला नाही.